दहाच्या ठोक्याची रांग

२२ मे २०२५ रोजी सकाळी दहा वाजता रेल्वेच्या संगणकीय आरक्षण यंत्रणेने एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे दिली. एका मिनिटातील तिकीटविक्रीचा तो तोवरचा उच्चांक होता आणि रेल्वे मंत्रालयाने तो अभिमानाने जाहीर केला. अभिमान अनाठायी नव्हता. सेकंदाला पाचशेहून अधिक तिकिटे हा वेग, जाडजूड नोंदवह्यांची पाने उलटून जागा शोधणाऱ्या आरक्षण-कारकुनांच्या काळात कोणाच्या कल्पनेतही आला नसता. परंतु त्याच मिनिटाला देशभर, आणि त्यात ठाणे, डोंबिवली, कल्याण येथेही, कित्येक घरांत मोबाइलच्या पडद्यावर एक चकती नुसती फिरत राहिली असणार; ती थांबली तेव्हा हाती आला असेल तो प्रतीक्षा यादीतला क्रमांक. उच्चांक आणि निराशा ही एकाच मिनिटाची दोन अपत्ये आहेत. यंत्र इतके वेगवान असताना ते वापरणाऱ्यास मंद का भासते, हा एक प्रश्न. यंत्र आणखी वेगवान केल्याने त्याची निराशा कमी होईल काय, हा दुसरा. सार्वजनिक चर्चेत या दोहोंची नेहमी गल्लत होते, आणि त्या गल्लतीची किंमत सामान्य उतारू मोजतो.

ज्या लोहमार्गाने १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली उतारू गाडी ठाण्यास आली आणि जो पुढच्याच वर्षी कल्याणास पोचला, त्याच्या दुतर्फा वाढलेल्या या शहरांना रांग काही नवी नाही. पासाची रांग, रिक्षाची रांग, पुलाच्या जिन्यावरची रांग यांतून येथील नोकरदाराचा दिवस सुरू होतो. परंतु त्याची खरी परीक्षा होते ती भाद्रपदात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मूळ घर असलेल्या येथील कुटुंबांच्या दृष्टीने गणपतीस गावी जाणे ही हौस नव्हे. घरच्या देवापुढे वर्षातून एकदा सर्व भावंडांनी उभे राहण्याची ती रीत आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यापासून ही रीत गाडीच्या तिकिटाशी बांधली गेली. ठाण्यास थांबणाऱ्या गाड्या आणि दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची गाडी यांवर या साऱ्या पट्ट्याची भिस्त. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली गेली. म्हणजे प्रवासाच्या साठ दिवस आधी सकाळी आठ वाजता पहिली संधी. ती हुकली तर आदल्या दिवशी ‘तत्काळ’ योजनेत वातानुकूलित डब्यांसाठी दहा वाजता आणि इतरांसाठी अकरा वाजता दुसरी. कार्यालयातून मिळालेली चार दिवसांची रजा अशा रीतीने दोन-तीन मिनिटांच्या पदरात टाकावी लागते.

या मिनिटांचे गणित मांडणारे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे, आणि त्याचा जन्म संगणकासाठी झालेला नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर एर्लांग या गणितज्ञापुढे साधाच व्यवहारी प्रश्न होता: ग्राहकास फार वेळ तिष्ठावे लागू नये आणि तारांवर व नोकरवर्गावर वायफळ खर्चही होऊ नये, यासाठी किती तारा हव्यात व किती माणसे? १९०९ साली त्याने या विषयावरील आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. रांगांचा सिद्धांत या नावाने पुढे जे शास्त्र फोफावले त्याचे बीज तेथे आहे.

त्याचा गाभा तिकीट-खिडकीच्या उदाहरणाने सहज कळण्यासारखा आहे. एक खिडकी आहे आणि एका माणसाचे काम उरकावयास सरासरी दोन मिनिटे लागतात. म्हणजे तासाला तीस माणसे हा त्या खिडकीचा कमाल आवाका. माणसे ठरवून येत नाहीत. कधी चार एकदम येतात, कधी पाच मिनिटे कोणी फिरकत नाही. कोणाचे काम एका मिनिटात होते, कोणी सुटे पैसे शोधीत बसतो. तासाला सरासरी १५ माणसे येत असतील तर प्रत्येकाचा रांगेत उभे राहण्यापासून काम संपेपर्यंतचा काळ सरासरी चार मिनिटे भरतो. २४ येऊ लागली की तोच काळ दहा मिनिटांवर जातो. २७ झाली की वीस मिनिटे. आणि २९ झाली की एक तास! २७ ची २९ झाली, म्हणजे तासाला केवळ दोन माणसे वाढली, पण ताटकळणे तिप्पट झाले. खिडकीवरचा कारकून आळशी झालेला नाही, त्याचा वेग कणभरही घटलेला नाही. तरीही रांगेतला शेवटचा माणूस त्याच्यावरच खेकसतो.

माणसे बरोबर दोन-दोन मिनिटांच्या अंतराने आली असती आणि प्रत्येकाचे काम बरोबर दोन मिनिटांत उरकले असते तर कोणालाच थांबावे लागले नसते. थांबावे लागते ते येण्याच्या आणि कामाच्या अनियमिततेमुळे. ती अनियमितता पोटात घ्यावयास थोडा रिकामा वेळ हाताशी लागतो. खिडकी रिकामी दिसली की वरिष्ठांना ती उधळपट्टी वाटते. एखादी जागा भरावयाची थांबते, एखादी खिडकी बंद होते, आणि ऐंशी टक्के कामात असलेली व्यवस्था पंचाण्णव टक्क्यांवर जाते. हिशेबाच्या वहीत ती बचत दिसते. तिचा खर्च रांगेतल्या माणसाच्या वेळातून वळता होतो, आणि तो वेळ कोणाच्याच वहीत नोंदला जात नाही.

खिडक्या जोडल्याने काय होते

भारतीय रेल्वेने आरक्षणासाठी संगणक आणला तो १९८५-८६ साली, प्रथम दिल्लीस. त्याआधी अमुक गाडीची नोंदवही अमुक खिडकीवर, अशी व्यवस्था असे. एका खिडकीपुढे मारुतीच्या शेपटीसारखी रांग आणि शेजारच्या खिडकीवर कारकून मोकळा, हे दृश्य त्यामुळे अटळ होते. संगणकाने ही सारी नोंदवही एकत्र केली. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. लोकांना वाटले की यंत्र भराभर हिशेब करते म्हणून रांग ओसरली. खरे श्रेय रांगा एकत्र होण्यास द्यावयास हवे. वरच्याच उदाहरणातील दोन खिडक्या घ्याव्या, प्रत्येकीवर तासाला २४ माणसे. दोन वेगळ्या रांगा असतील तर सरासरी दहा मिनिटे. दोन्हींची एकच रांग केली आणि जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे पुढचा माणूस गेला, तर साडेपाच मिनिटांच्या आसपास. कारकून तेच, वेग तोच, माणसेही तेवढीच. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद येथील केंद्रे परस्परांशी जोडण्याचे काम १९९९ पर्यंत पुरे झाले. कल्याणच्या खिडकीवरून हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट काढता येऊ लागले ते यामुळे.

खुद्द संगणकाच्या पोटात डोकावले तर तेथेही रांगाच आढळतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले, तेव्हा त्या यंत्रापुढची रांग डोळ्यांना दिसे. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचे गठ्ठे एकामागून एक यंत्रास भरविले जात आणि संशोधक उत्तराची वाट पाहत. पुढे एकाच यंत्रास अनेक माणसे एकाच वेळी जोडण्याची युक्ती निघाली आणि रांग दिसेनाशी झाली. नाहीशी मात्र झाली नाही. प्रत्येकास वाटे की यंत्र आपल्या एकट्याचेच आहे, आणि माणसे वाढली की ते का रेंगाळते याचा उलगडा होत नसे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ॲलन शेर या विद्यार्थ्याने १९६५ साली पीएच.डी.च्या प्रबंधात या रेंगाळण्याचे गणित मांडले. त्यासाठी त्याने वापरलेला नमुना कारखान्यातील यंत्रांच्या दुरुस्तीचा होता, ही गोष्ट गिरणगावाच्या महाराष्ट्रास विशेष जवळची वाटावी.

एका विणकराकडे अनेक माग असतात. सूत तुटले की माग थांबतो आणि विणकर येऊन ते जोडीपर्यंत थांबून राहतो. दोन मागांची सुते एकाच वेळी तुटली तर एक माग दुसऱ्याची वाट पाहतो. विणकराकडे किती माग द्यावेत, हा गिरणीतला जुना वादाचा विषय. मालकास वाटते आणखी दोन द्यावेत, कामगारास ठाऊक असते की सहाव्या मागाला हात लावेतो पहिला पुन्हा थांबलेला असतो. वस्त्रोद्योगातील संशोधकांनी या प्रश्नाचे गणित आधीच करून ठेवले होते. शेरने मागाच्या जागी संगणकापुढे बसलेला माणूस ठेवला आणि विणकराच्या जागी संगणक. माणूस विचार करीत असतो तोवर माग चालू आहे. त्याने आज्ञा दिली की सूत तुटले. प्रत्यक्ष यंत्रावर घेतलेल्या मोजणीशी हे भोळसट वाटणारे गणित चांगलेच जुळले.

यानंतरची प्रगती झपाट्याची आहे. संगणकात एक रांग नसते, रांगांचे जाळे असते: गणित करणाऱ्या भागापुढे एक, माहितीच्या तबकडीपुढे दुसरी, दूरच्या तारेपुढे तिसरी. अशा जाळ्याचे गणित जेम्स जॅक्सन याने १९५७ साली कारखान्यांसाठी मांडले होते. १९७१ साली जेफ्री ब्यूझेन याने ते संगणकास लावले, आणि १९७५ साली चार संशोधकांनी मिळून त्याची कक्षा फार मोठी केली. त्या चौघांतील मणी चंडी हे मद्रासच्या आयआयटीचे. या विषयावर जगभर वापरले जाणारे पाठ्यपुस्तक १९८२ साली लिहिणारे किशोर त्रिवेदी पवईच्या आयआयटीचे. त्याच पवईत वर्षा आपटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एखादी संगणकीय सेवा उभारण्यापूर्वीच ती किती गर्दी पेलील याचा अदमास देणारे ‘परफसेंटर’ हे साधन तयार केले आणि २००८ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. ठाण्याच्या पोखरण मार्गावरील यंत्र पार्कातही एका मोठ्या संगणक कंपनीची संशोधनशाळा उभी राहिली. तात्पर्य, विद्या परकी असली तरी ती जाणणारी माणसे याच पंचक्रोशीत आहेत.

या विद्येचा पहिला धडा चिंचोळ्या वाटेचा. जाळ्यात जी जागा सर्वांत अरुंद, तिच्याहून अधिक वेग साऱ्या जाळ्यास येत नाही. कल्याणकरांना हे शिकविण्यास गणित नको. जुना पत्रीपूल २०१८ साली पाडल्यापासून २०२१ साली नवा पूल खुला होईपर्यंत दोन्ही बाजूंचा रस्ता कितीही रुंद असता तरी काय उपयोग होता? संगणकात मात्र पूल दिसत नाही आणि म्हणून खर्च नेमका चुकीच्या जागी होतो. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हेच झाले. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिकांची पाने छायाचित्रित करावयाची, ती तारेने केंद्रांवर पाठवावयाची, प्राध्यापकांनी ती उघडून तपासावयाची, मग गुण एकत्र करावयाचे. यांतील एक टप्पा जरी अरुंद असला तरी बाकीच्यांची तत्परता वाया जाते. एकीकडे उत्तरपत्रिकांचे ढीग आणि दुसरीकडे पडद्यावर काही येण्याची वाट पाहत बसलेले परीक्षक, अशी विपरीत स्थिती मग उद्भवते. रोज चाळीस हजार उत्तरपत्रिका तडीस जातील असे गृहीत धरले तरी सतरा लाखांना बेचाळीस दिवसांहून अधिक लागतात. हा त्रैराशिकाचा हिशेब निर्णयापूर्वी कागदाच्या एका कपट्यावर मांडता आला असता. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि काही निकाल सप्टेंबरात गेले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे परगावचे व परदेशचे प्रवेश त्यात अडकले. दोष संगणकास दिला गेला. वास्तविक तो न मोजलेल्या रांगेचा होता.

दुसरा धडा जॉन लिटल याने १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमाचा. एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती माणसे आहेत, ती किती वेगाने बाहेर पडतात आणि प्रत्येकास किती वेळ लागतो, या तिन्ही गोष्टी परस्परांशी बांधलेल्या आहेत: माणसांच्या संख्येस बाहेर पडण्याच्या वेगाने भागले की वेळ येतो. हा नियम रेल्वेच्याच आकड्यांना लावून पाहण्यासारखा आहे. २०१४ साली नवी ई-तिकीट यंत्रणा आली तेव्हा सांगण्यात आले की मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटे निघतील आणि एका वेळी ४०,००० ऐवजी १,२०,००० माणसे ती वापरू शकतील. दोन्ही आकडे खरेच भव्य होते. आता भागाकार करावा. जुन्या यंत्रणेत, दोन्ही मर्यादा गाठल्या असता, एका तिकिटामागे माणशी वीस मिनिटे. नव्या यंत्रणेत सोळा मिनिटे चाळीस सेकंद. तिकिटांचा वेग साडेतीनपटीहून अधिक वाढला, पण दारात तिप्पट माणसे घेतल्यामुळे प्रत्येकाचा वेळ घटला तो अवघा सहाव्या हिश्श्याने. अर्थात यात नावे भरणे, बँकेचा सांकेतिक क्रमांक येणे हा काळही धरलेला आहे, आणि प्रत्येक जण तिकीटच काढतो असेही नाही. तरीही मिनिटाला किती तिकिटे या एका आकड्यावर खूष होणे किती फसवे आहे, हे या भागाकाराने स्पष्ट व्हावे. तो आकडा यंत्राच्या कर्तृत्वाचा आहे; उतारूच्या सोयीचा नव्हे.

यात आणखी एक गुंता आहे तो एर्लांगच्या काळी नव्हता. एर्लांगच्या मूळ गणितातला ग्राहक तार रिकामी नसली की निमूटपणे निघून जाई. आजचा उतारू पडदा हलला नाही की पुन्हा कळ दाबतो. घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरून दाबतो. पुण्याच्या भाच्यालाही दाबावयास सांगतो. मंदपणामुळे मागण्या वाढतात आणि मागण्यांमुळे मंदपणा. जून २०२५ मधील सरकारी निवेदनानुसार त्या वेळी यंत्रणेची क्षमता मिनिटाला ३२,००० तिकिटांची होती आणि चौकशांची चार लाखांची. म्हणजे एका तिकिटामागे बारा-तेरा चौकशा झेलण्याची तयारी ठेवावी लागते.

दोन रांगा

त्याच निवेदनात मिनिटाला दीड लाखाहून अधिक तिकिटे आणि चाळीस लाख चौकशा पेलणाऱ्या नव्या यंत्रणेचा संकल्प सोडण्यात आला. येथे अर्थशास्त्राने मध्ये बोलावयास हवे. आरक्षणात रांगा दोन आहेत. एक यंत्रापुढची, ती यंत्र वाढविल्याने आखूड होते. दुसरी जागांपुढची, गाडीला जेवढ्या शायिका आहेत तेवढ्याच आहेत, आणि यंत्राच्या वेगाने त्यांत एकीचीही भर पडत नाही. पहिली रांग पूर्णपणे नाहीशी केली तर दुसरीचे काय होईल? गणपतीच्या गाडीच्या ज्या जागा आज दोन-तीन मिनिटांत संपतात त्या काही सेकंदांत संपतील. मग कोणास मिळतील? ज्याची तार जवळची, ज्याचे बोट चपळ, आणि सर्वांत आधी, ज्याला बोटच नाही त्याला. रेल्वेने २०२५ साली स्वतःच सांगितले की ‘तत्काळ’च्या पहिल्या पाच मिनिटांत प्रवेशाचे निम्म्यापर्यंत प्रयत्न माणसांचे नसून स्वयंचलित प्रणालींचे असत, आणि अडीच कोटी संशयास्पद खाती बंद करावी लागली. रांग मिनिटांत मोजली जात होती तोवर माणसाला यंत्राशी झुंजण्याची थोडीफार आशा होती. रांग सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजली जाऊ लागली की ती उरत नाही.

१ जुलै २०२५ पासून ऑनलाइन ‘तत्काळ’ तिकिटास आधार पडताळणी आवश्यक करण्यात आली आणि अधिकृत दलालांना पहिली तीस मिनिटे दूर ठेवण्याचे ठरले. रांगांच्या गणिताने पाहता हे पाऊल नव्या यंत्राहूनही मोलाचे आहे. नव्वद टक्के व्यग्र असलेल्या यंत्रापुढील निम्मी गर्दी हटली तर, एका खिडकीच्या सूत्राने, लागणारा काळ दहा एककांवरून दोनाहून खाली येतो, आणि तोही खर्चाविना. तसेच १५ जून २०१५ पासून वातानुकूलित डब्यांसाठी दहा आणि इतरांसाठी अकरा अशी वेळेची फोड झाली, तो निर्णयही शहाणपणाचा होता. एका लाटेच्या दोन लाटा झाल्या. दोन्ही मिळून पाणी तेवढेच, पण बंधाऱ्याची उंची निम्मी पुरते.

परंतु या सर्व उपायांत एक गोष्ट कोणी विचारीत नाही. दहाच्या ठोक्याला ही लाट येते कशामुळे? उतारूंना प्रवास करावयाचा असतो दुसऱ्या दिवशी. दहा वाजून एक मिनिटाने जागे होण्याची त्यांना काही दैवी प्रेरणा होत नाही. लाट नियमाने निर्माण केलेली आहे. ‘जो आधी त्याला आधी’ असे म्हटले की पहिल्या सेकंदास किंमत येते; किंमत आली की त्या सेकंदावर सारे तुटून पडतात; आणि मग त्या एका सेकंदासाठी उभारलेले अवाढव्य यंत्र उरलेला दिवस पेंगत राहते. वीजमंडळांना संध्याकाळच्या मागणीसाठी जादा संच ठेवावे लागतात, त्यास निसर्गाचे कारण आहे. येथे सूर्यास्त आज्ञेने घडवून आणला जातो.

किंमत वाढवून रांग मोडावी, हे पाठ्यपुस्तकी उत्तर रेल्वेने वापरून पाहिले आहे. २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतो गाड्यांत जागा भरत जातील तसे भाडे चढते. कोकणच्या गाडीस ते लावले तर रांग मोडेल हे खरे, पण तिच्याबरोबर तिच्यातला शिपाई आणि शाळामास्तरही मोडेल. पैसा नको आणि बोटाची चपळाई नको, तर तिसरा मार्ग कोणता, याचे उत्तर शोधण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. म्हाडाचे कोकण मंडळ कल्याणजवळच्या शिरढोण, खोणी येथील घरांच्या सोडतीसाठी अर्ज मागविते, तेव्हा पहिल्या मिनिटाला अर्ज करणाऱ्यास घर मिळत नाही. काही आठवडे अर्ज घेतले जातात, छाननी होते आणि संगणकीय सोडत निघते. अर्ज पहिल्या दिवशी केला काय की शेवटच्या दिवशी, नशीब तेच. म्हणून म्हाडाच्या संगणकापुढे दहाच्या ठोक्याची चेंगराचेंगरी होण्याचे कारण उरत नाही. ‘तत्काळ’च्या मागण्या दहा ते साडेदहा घेऊन, एका आधार क्रमांकास एकच मागणी हा नियम ठेवून, साडेदहाला सोडत काढली तर? अर्ध्या तासात तितक्याच मागण्या पसरून येतील, आणि बारावा भाग क्षमतेचे यंत्रही त्यांना पुरून उरेल.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. लवकर उठून, जागरण करून तिकीट मिळविणाऱ्यास आपल्या कष्टाचे फळ मिळाल्यासारखे वाटते. चिठ्ठी टाकणे त्यास जुगार वाटेल. एकत्र निघणाऱ्या पाच जणांच्या कुटुंबास सोडतीत एकच घटक धरावे की पाच, याचा निवाडा करावा लागेल. सोडतीवर विश्वास बसावा तर ती उघड हवी, आणि उघडपणाची सवय आपल्या कार्यालयांना जरा कमीच. ज्यास मोबाइल हाताळता येत नाही असा वृद्ध आजही खिडकीवर जातो, त्याची मागणी त्याच अर्ध्या तासात नोंदली गेली पाहिजे. हे सारे मान्य करूनही, आजची पद्धत म्हणजे एक सोडतच आहे हे विसरता येत नाही. फरक इतकाच की तिच्या चिठ्ठ्या तारेच्या वेगाने आणि दलालाच्या खिशाने आधीच चिन्हांकित केलेल्या असतात.

कोणताही मार्ग पत्करण्यापूर्वी मोजमाप हवे. रेल्वे मिनिटाला किती तिकिटे निघाली हे सांगते. पहिल्या पाच मिनिटांत किती जणांनी मागणी केली, त्यांपैकी किती रिकाम्या हाताने परतले, उत्तर मिळण्यास सरासरी किती सेकंद लागले आणि सर्वांत मागे राहिलेल्या दहा टक्के लोकांस किती, हे सांगत नाही. सरासरीत या शेवटच्या दहा टक्क्यांचे हाल बुडून जातात, म्हणून तो आकडा वेगळा हवा. खिडकीवरून किती जागा गेल्या आणि मोबाइलवरून किती, तेही हवे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. प्रत्येक मागणी कोणत्या क्षणी आली आणि कोणत्या क्षणी निकाली निघाली याची नोंद अशा यंत्रणांत ठेवलीच जाते. निदान ठाण्यास थांबणाऱ्या कोकणच्या गाड्यांपुरते हे आकडे येत्या गणेशोत्सवाच्या आरक्षणाबरोबर प्रसिद्ध व्हावेत, अशी मागणी या भागातील प्रवासी संघटनांनी करावयास हरकत नाही.